पाण्याने न तपासलेला कप

कुवेतमध्ये एका माणसाची नोकरी माझ्या मोजमापामुळे गेली आणि ते मोजमाप चुकीचं होतं, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच माहीत आहे, की रंगाच्या दुकानात शिरलो की मी डबे हातात तोलून बघतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. शुवैखमध्ये रंग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. लॅब म्हणजे एक टेबल, एक तराजू आणि घरघरणारा एसी. रंगाची घनता मोजायला झाकणाचा एक धातूचा कप होता. त्यात बरोबर शंभर घनसेंटिमीटर रंग मावायचा. तो ग्रॅममध्ये तोलायचा, दहाने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे एका ब्रिटिश गॅलनचं पौंडांतलं वजन. तोच पुन्हा दहाने भागला की लिटरला किलो. फॉर्म्युले विलायतेहून आलेले, गिऱ्हाइकं मेट्रिक मागणारी, त्यामुळे हा कप फार सोयीचा. आमच्या पांढऱ्या ऑइलपेंटचा आकडा नेहमी बाराच्या आसपास यायचा.

मिक्सरवर रत्नागिरीकडचे एक चाचा होते. पन्नाशीचे, खाडीकाठच्या गावचे. जलीबमध्ये माझ्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायचे. मी पांढरा कोट घालतो म्हणून मला डाक्टर म्हणायचे. नमुन्याचा डबा टेबलावर ठेवून विचारायचे, "काय डाक्टर, आज रंगाला ताप किती?"

एकदा तो कप फरशीवर पडून चेपला. नवा मागवला. दिसायला तसाच, जरासा बुटका. पहिलाच नमुना भरला आणि आकडा आला दहा.

नवा कप आधी पाण्याने भरून तपासायचा, हे कॉलेजात अगदी सुरुवातीला शिकवलं होतं. मी तपासला नाही. कपाचा मला संशय आलाच नाही. संशय आला तो चाचांचा. थिनर फार संपतं अशी मुदीरची, म्हणजे आमच्या मॅनेजरची, कुरकुर चालू होतीच. मी मनातल्या मनात हिशेब जुळवला: हा माणूस महागडं रेझिन बाहेर विकतो आणि त्याच्या जागी थिनर ओततो.

एकदा हे डोक्यात बसल्यावर सगळंच तिकडे बोट दाखवू लागलं. चाचांच्या कपड्यांना थिनरचा वास यायचा. माझ्याही कपड्यांना यायचा, ते मला आठवलं नाही. शुक्रवारी ते गाववाल्याच्या पिकअपमधून वफ्राला, तिथल्या शेतांवर जायचे. त्यांना रिकामे डबे नेताना मी खिडकीतून पाहिलं आणि ते रिकामेच कशावरून, असं स्वतःला विचारलं. संध्याकाळी तेच डबे टोमॅटो भरून परत आले. त्यातले निम्मे चाचांनी माझ्या दाराशी ठेवले. ते टोमॅटो मी खाल्ले, पण खाताना वाटत होतं की हा मला गप्प बसवतोय.

आकडा दहा म्हणजे लिटरला एक किलो, म्हणजे पांढरा ऑइलपेंट पाण्याइतका हलका. हे वाचूनच मी थांबायला हवं होतं. त्यासाठी जवळजवळ निम्मं थिनर घालावं लागलं असतं आणि मग रंग ब्रशवरून दुधासारखा ओघळला असता. तो ओघळत नव्हता. ते मी पाहिलं आणि ठरवलं, की काहीतरी घट्ट करणारंही घालत असणार, चोर हुशार आहे.

मुदीरला मी आकडे दाखवले. त्याने चाचांना बोलावलं. चाचा शपथा घेत बसले नाहीत. रंग नेहमीसारखाच बनवला, एवढंच म्हणाले. मुदीरने टेबलावरच्या माझ्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि त्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द करायला सांगितलं. आता विमान मिळेपर्यंत चाचांनी खोलीवर बसून राहायचं होतं.

मिक्सरवर नवा माणूस आला. त्याच्या पहिल्या नमुन्याचाही आकडा दहा. हाही चोर, हे पहिल्या क्षणी माझ्या मनात आलं, याची मला आजही लाज वाटते. मग मात्र मी कप धुतला आणि पाण्याने भरला. पाण्याने दहा दाखवायला हवं होतं. सव्वाआठच्या थोडं वर आलं. कप उलटा केला. तळाशी बारीक अक्षरांत कोरलं होतं, की हा अमेरिकन गॅलनचा कप आहे. अमेरिकन गॅलन ब्रिटिश गॅलनहून लहान. म्हणून कपही लहान आणि आकडाही लहान. चाचांचा रंग पहिल्यापासून बाराचाच होता.

तेव्हाच मुदीरकडे जायला हवं होतं. माझा इकामा नूतनीकरणासाठी त्याच्याच टेबलावर पडला होता. मी जुना चेपलेला कप ठोकून सरळ केला. पाण्याचे दहा येईपर्यंत ठोकत राहिलो. मग नव्या माणसाचा रंग त्यात मोजून बारा लिहिले. मुदीर खूश झाला. चोर गेल्याबरोबर वजन परत आलं, असं तो ज्याला त्याला सांगू लागला. मी चूक गुपचूप दुरुस्त केली आणि ती दुरुस्तीच चाचांविरुद्धचा पुरावा झाली.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ते बॅगेला दोरी बांधत होते. मला गाठीवर बोट धरायला लावलं.

"डाक्टर, तू नीट मोजलंस ना?"

"हो."

"स्वतः?"

"स्वतः."

त्यांनी गाठ आवळली. "मग माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार. तू कशाला खोटं सांगशील?"

मी बोट काढून घेतलं आणि वर माझ्या खोलीत गेलो.

पुढे ऐंशीच्या दशकात मी मायदेशी परत आलो. दर वर्षी एसटी स्टँडवर जाऊन रत्नागिरीची गाडी सुटताना बघतो, तिच्यात चढत नाही. चाचा हयात आहेत की नाहीत, तेही मी कधी विचारलं नाही. अमेरिकन कप माझ्याकडे आहे.

चाचांना, आणि ते नसतील तर त्यांच्या घरच्यांना, मी त्यांच्या दारात उभं राहून हे सांगण्याचं देणं लागतो: रंग चांगला होता, मोजणारा चुकला होता, आणि त्या दिवशी खोलीवर आलो तेव्हा मला ते माहीत होतं.