मोरीच्या पाण्यावरचा गवती चहा

लग्नानंतरची ती माझी पहिली संक्रांत. सेनगावजवळच्या सासरी माझा एकच ध्यास होता, सणाला आखाडा बाळापूरला, माहेरी जायचं. मामंजींना विचारलं तर म्हणाले, "अक्का उद्या येऊन राहिली. ती म्हणल तसं करू." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझ्या आत्याबाई, पुसेगावला दिलेली. त्यांच्या शब्दाबाहेर घरातलं मांजरही जायचं नाही.

आत्याबाई आल्या त्या खोकतच. माळकरी आणि कडक. चूल सारवल्याशिवाय तिच्यावरचं काही घ्यायच्या नाहीत, पाणी स्वतः शेंदलेलंच. गावात नुकत्याच शिरलेल्या चहाची तर त्यांना चीड. मग मी चहापूड वगळली. नुसती गवती चहाची पाती, सुंठ आणि गूळ उकळला, खाली उतरवून दूध घातलं. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. दुसऱ्या दिवशी दोनदा मागितला. तिसऱ्या दिवशी मी पात्यांची गाठ मारून कढीत सोडली, तर कढीही वाटीभर जास्त गेली. मी मनातल्या मनात बोचकं बांधायला घेतलं.

पाचव्या दिवशी खोकला थांबला आणि आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, दाव बरं ते गवत कुठं हाय."

ते गवत न्हाणीमागं, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं! घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी पिऊनच ते असं माजलं होतं. पाती मी चार पाण्यांनी धुवायची, पण हे त्यांना कोण सांगणार? गेली माझी संक्रांत.

"तिकडं चिखल हाय, आत्याबाई. मीच आणून देते," मी म्हणाले. पण त्या पदर खोचून निघाल्यासुद्धा.

मामंजींची आंघोळ नुकतीच झालेली. फेसाचं पाणी गवताच्या बुडाशी तुंबलं होतं. आत्याबाईंनी ते बघितलं आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"काहून तोंड पडलं गं?"

"आत्याबाई, हे मोरीचं पाणी..." मला रडूच फुटलं.

"मंग? म्याच तर लावलं हे इथं, माझ्या लगनाच्या आधी. मोरीबिगर जगतंय व्हय ते? पहिल्याच घोटाला वळखलं म्या."

हे घर त्यांचंही माहेर होतं, हे पाच दिवसांत एकदाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

त्यांनी तिथूनच मामंजींना हाक मारली. "हिला उद्याच माहेरी धाड. म्या पाच दिस माझं माहेर पिऊन राहिले, ह्या लेकरानं काहून थांबावं?"

सकाळी बैलगाडी जुंपली, तेव्हा ओल्या फडक्यात बांधलेला गवताचा ठोंब त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. त्यांच्या नखांत अजून चिखल होता.

"आईला सांग," त्या म्हणाल्या, "मोरीपाशीच लाव म्हणावं."