‘नाताळ’ शब्दाची व्युत्पत्ती

गिरगावातल्या एका मराठी दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होतो. नोकरीला वर्षही झाले नव्हते. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला महिना उलटला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यापलीकडे अंकात फारसे काही नसे. नाताळच्या दोन दिवस आधी चौथ्या पानावर थोडी जागा उरली आणि सणावर एक टिपण लिहायचे काम माझ्याकडे आले.

मी ग्रंथ काढून लिहिले. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. पंचवीस डिसेंबर हा दिवस काही शतकांनंतर रोममध्ये रूढ झाला. हिवाळ्यातले जुने सण तिथे त्याच सुमारास असत. गोठ्याचा देखावा मांडण्याची चाल इटलीतल्या एका संताच्या नावावर सांगतात. सजवलेले झाड जर्मनीकडचे. शेवटचे वाक्य मला सगळ्यांत नेमके वाटले होते : ‘नाताळ’ हा शब्द जन्म या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून मराठीत आला.

मजकूर जुळवायला ज्या कंपोझिटरकडे गेला, ते माझगावचे ख्रिस्ती होते. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. ते हातात कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

“संपादकसाहेब, ही शेवटची ओळ काढू या का?”

मी साधा उपसंपादक होतो. ‘संपादकसाहेब’ हा त्यांचा नेहमीचा चिमटा.

“चूक आहे का?”

“चूक नाही.”

“मग?”

“दंगलीची बातमी आली की तुम्ही ‘दोन गट’ लिहिता. कुठल्या जमातीचे ते गाळता. तेही खरंच असतं की.”

“ही काय दंगलीची बातमी आहे?”

ते परत गेले आणि त्यांनी ओळ जुळवली. गोव्यात पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या, त्याला तेव्हा पुरते पाच महिनेही झाले नव्हते. हे मला माहीत होते. त्या बातम्यांची प्रुफे मीच तपासली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची जागा रिकामी होती. फोरमन म्हणाला, “त्यांच्या चाळीच्या फळ्यावर कुणीतरी आपलं टिपण चिकटवलंय. आज दिवेलागणीला पोरं त्यांच्या दारातला नाताळचा तारा उतरवायला येणार आहेत. म्हातारी आई घरात एकटी, म्हणून गेलेत.”

मी माझगावला गेलो. चाळ शोधायला वेळ लागला नाही. जिन्याशी काळा फळा होता. एरवी त्यावर सभेची वेळ लिहीत. आता मधोमध आमचे टिपण होते आणि शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ. पहिल्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीपुढे बांबूच्या कामट्यांचा, पांढऱ्या कागदाचा तारा टांगला होता. आत दिवा पेटवलेला होता. त्याच्याखाली आठ-दहा तरुण उभे होते. कंपोझिटर दारात उभे. त्यांनी मला पाहिले आणि नजर काढून घेतली.

तरुणांतला पुढचा बंदरात कामाला होता. त्याच्या धाकट्या भावाच्या मांडीत फाउंटनला गोळी लागली होती.

“गोळीबारापासून चाळीत रोषणाई नाही, असं ठरलंय,” तो म्हणाला. “वरच्या मजल्यावरचं लग्न बिनवाजंत्रीचं झालं. तुम्हाला काय वेगळा कायदा?”

“ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं?” कंपोझिटर म्हणाले.

“आणि सण तरी आपला आहे का? पेपरात आलंय. पोर्तुगीजांचा आहे.”

मागून कुणीतरी ओरडले, “गोव्याला टांगा म्हणावं!” दोघे हसले. एकाच्या हातात काठी होती. तिच्या टोकाला त्याने कोयती बांधली होती. मी वर जिन्याच्या तोंडाशी होतो. पुढच्याने वळून विचारले, “हे कोण?”

“आमच्या छापखान्यातले,” कंपोझिटर म्हणाले.

तेवढ्यात आई बाहेर आली. चौकडीचे लाल लुगडे, हात पिठाचे. सत्तरीच्या पुढची असावी.

“काय आलंय पेपरात? मला वाचता नाय येत. वाच कुणीतरी.”

कुणी पुढे होईना. शेवटी पुढच्या तरुणानेच खाली जाऊन, फळ्यासमोर उभे राहून, मोठ्याने सगळे टिपण वाचले. रोम, गोठा, झाड. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली आणि वर आला.

“बरं,” म्हातारी म्हणाली. “आता मला सांग. दिवा कशापायी नको? माणसं मेली म्हणून नको, का परका म्हणून नको?”

“मावशी, दोन्ही एकच.”

“एक कसं रे? माणसं मेली म्हणून म्हणत असशील, तर मी माझ्या हातानं काढते. तुझा भाऊ इस्पितळात होता तेव्हा हा माझा तिथं चार दिवस बाकड्यावर बसला. परका म्हणून म्हणत असशील, तर लाव हात. बघते मी.”

गॅलरीतल्या इतर दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. काठीवाला म्हणाला, “अरे, बोल ना काहीतरी.” पुढचा ताऱ्याकडे बघत होता. त्याला एक शब्द बोलायचा होता आणि तो बोलला की चाळीत ते घर राहणार की नाही, हे ठरणार होते.

“माणसं गेली म्हणून,” तो अखेर म्हणाला.

“नक्की?”

“नक्की, मावशी.”

तिने स्टूल मागितले. मुलगा पुढे झाला तर त्याला बाजूला केले. स्वतः चढली, दिवा बाहेर काढला, फुंकला. तारा तसाच राहू दिला. उतरताना तिचा हात त्याच तरुणाने धरला.

“आता तो कागद काढ,” ती म्हणाली.

कागद खळीने चिकटवला होता, निघेना. खाली फळ्यापाशी तो ओल्या फडक्याने घासत राहिला, मग नखांनी. बाकीचे एकेक करून पांगले. कोयती सोडवून काठी भिंतीला लावली गेली.

“लिवलं कुणी हे?” म्हातारीने मुलाला विचारले.

कंपोझिटरांनी माझ्याकडे पाहिले नाही.

“आमच्याकडे टिपणाखाली नाव छापत नाहीत, आई,” ते म्हणाले, आणि तरुणाला पाणी आणून द्यायला आत गेले.