सकाळची गोळी

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच येऊन बसतात. ईट गावात माझा छोटा दवाखाना आहे आणि मदतीला रेखा सिस्टर. आम्हा दोघींचे निम्मे किस्से लघवीच्या गोळ्यांचे! ऐकणारे हसतात. मला मात्र प्रत्येक वेळी दरदरून घाम फुटलेला असतो.

या गोळ्या अंगातलं जादा पाणी काढतात, पण सगळ्यांचा स्वभाव एक नसतो. बीपीसाठी देतात ती सौम्य, दिवसभर सावकाश काम करणारी. दत्तूआबांना तीच होती. एका उन्हाळ्यात त्यांना जुलाब लागले, तरी गोळी चालूच. घरच्यांनी आणलं तेव्हा आबा भिंतीकडे बघून गप्पा मारत होते, त्याही वारलेल्या भावाशी! सून रडत म्हणाली, "न्यायला आलेत त्यांना."

जुलाब आणि गोळी मिळून रक्तातलं सोडियम पार उतरलं होतं, त्याचे हे भास. तालुक्याला, भूमला ॲडमिट केलं, गोळी बंद झाली, आबा हळूहळू माणसात आले. मी विचारलं, "काय बोलत होता हो?"

"बांधाचं. भाऊ कबूल व्हायलाच आला हुता, तेवढ्यात ह्यांनी सलाईन लावलं."

कमलकाकूंच्या हृदयाचं पंपिंग कमी. त्यांना दोन गोळ्या. एक जोरकस, तासाभरात नळ सोडल्यासारखी लघवी करवणारी. दुसरी पाणी काढते, पण पोटॅशियम अंगातच धरून ठेवते. पुण्याच्या मुलानं आईसाठी बीपीवाल्यांचं खास मीठ आणलं. त्या मिठात सोडियम कमी, पोटॅशियम भरपूर; ते रक्तात साचलं की हृदयच मंदावतं. काकू आल्या त्या पाय लटपटत, आणि नाडी इतकी मंद की पुढचा ठोका पडेपर्यंत माझाच जीव टांगणीला. तडक बार्शीला पाठवलं. वाचल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "मीठ बी लेकानं आणलेलं, गोळी बी त्यानंच. रागवू कुणावर?"

मीठ सुटलं, पण काकूंची दुसरी सवय सुटेना. बाहेर जायचं असलं की सकाळची जोरकस गोळी टाळायची. सोनारीला दर्शनाला जाताना टाळली, भाचीच्या लग्नाला टाळली. आमच्याकडच्या बायका तर प्रवासात पाणीसुद्धा पीत नाहीत. मी चिडले, "काकू, एखाद्या दिवशी छातीत पाणी भरेल, जीव जाईल."

"बाईमाणसानं गाडी कुठं थांबवायची, डॉक्टरीणबाई?"

तेव्हापासून काकूंच्या घरून फोन आला की मी आधी बॅग उचलते.

तो फोन आला नातीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी. काकूंच्या घरचा संडास अंगणाच्या कोपऱ्यात, आणि अंगणात पाहुण्यांची बैठक. म्हणजे गोळी टाळलेली! आम्ही दोघी धावलो. आतल्या खोलीत काकू भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ निळे, श्वासात बुडबुडे. सिस्टरनं ऑक्सिजन लावला, मी शिरेतून लघवीचं इंजेक्शन दिलं. ॲम्ब्युलन्स भूमहून निघाली होती.

थोड्या वेळानं काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. लघवी लागली होती. सिस्टरनं बादली आणली, तर काकू मान हलवायला लागल्या. "भाईर पावणे हायेत. आवाज जाईल. न्हाय."

त्या खरंच धरून ठेवणार, हे मला दिसत होतं.

दारात पाहुण्यांपैकी नवऱ्या मुलाची आई उभी होती. त्यांनी ते ऐकलं आणि अंगणाकडे वळून म्हणाल्या, "समदे बाप्ये रस्त्यावर जा. चहा तिकडंच पाठवते." मग आत येऊन दार लावलं आणि स्वतःचा पदर काकूंसमोर आडवा धरला.

बादली भरत गेली तसा काकूंचा श्वास मोकळा होत गेला. मी डोळे पुसले.

मुलाची आई पदर सावरत माझ्याजवळ आली. त्यांनाही दम लागला होता. हळूच म्हणाल्या, "बाई, सकाळची गोळी म्या बी घेतली न्हाय."