गावचा जावई, सेंटर फॉरवर्ड

आमच्या गावात हॉकी खेळतात असं सांगितलं की बाहेरचा माणूस आधी हसतो, मग मलाच समजावतो, "काकू, क्रिकेट म्हणायचं असंन तुमाले." नाही रे बाबा, हॉकीच. एक फौजी रिटायर होऊन गावात आले, त्यांनी सोयाबीन वाळवायच्या जागेवर पोरांच्या हातात स्टिका दिल्या, आणि पाहता पाहता आजूबाजूच्या पाच-सहा गावांना ती लागण झाली. गोलकीपरच्या पायाचे पॅड आम्ही गादीवाल्याकडून भरून घेतो, घरच्याच कापसाचे. चेंडू कधी कधी त्यात असा रुतून बसतो की दोन्ही टीमा मिळून शोधतात.

एका वर्षी कोण्या गावानं अमरावतीहून भाड्याचे खेळाडू आणले. मोठं भांडण झालं. तेव्हापासून सगळ्या गावांनी बसून नियम केला, की खेळणारा एक तर गावचा पोरगा पाहिजे, नाही तर गावचा जावई. नियम करणाऱ्यांना वाटलं, आता खोड मोडली. त्यांना हॉकीवाले कुठं ठाऊक होते!

माझं घर मैदानाला लागून, म्हणून सगळी पंचायत माझ्याच ओट्यावर. फौजी, चक्कीवाला भाऊ, नियमांचे जाणकार म्हणून रिटायर गुरुजी, आणि आमचे मालक. दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, की यांचा सीझन सुरू. मी चहा ठेवता ठेवता सगळं ऐकते. कोणी नवीन ऐकणारा असता तर त्याला वाटलं असतं, ही माणसं वधूवर सूचक मंडळ चालवतात.

"राइट हाफ पाहिजे हो यंदा," फौजी म्हणायचे.

"पाहिजे तं खरा, पन लग्नाची पोरगी कोठी हाये गावात?" चक्कीवाला म्हणायचा. "गुरुजी, तुमची पुतनी?"

"ती बारावीत आहे."

"मंग चार-पाच वर्सं बिना राइट हाफचंच काढा."

एकदा यांनी फार हौसेनं एक स्थळ आणलं होतं. मुलाच्या बायोडेटात लिहिलेलं, 'राज्यस्तरीय खेळाडू'. उंची चांगली, खांदे चांगले. लग्नात आख्खी टीम वाढायला उभी होती. मांडवपरतणीला आला तेव्हा कळलं, तो कॅरम खेळतो. आता काय करता? दिली मुलगी. त्याला गोलकीपर केला. बिचारा अजूनही चेंडू आला की बोटानं टिचकी मारायला जातो, असं आमचे मालक सांगतात. पॅडमुळे निभावतं.

माझ्या पोरीचं शेगावात जमलं, तेव्हा मला वाटलं, आपण नीट पाहून जमवलं. मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, स्वभाव गरीब. साखरपुड्यात फौजींनी त्याचं मनगट धरून वळवून पाहिलं, त्याला मी आशीर्वाद समजले. लग्नानंतर तो सेंटर फॉरवर्डला उभा राहिला आणि आमचं गाव, जे कधी पहिल्या फेरीच्या पुढं गेलं नव्हतं, ते सेमीफायनलला गेलं. आमचे मालक तर रस्त्यानं असे चालायला लागले, जसे काही गोल यांनीच मारले.

आणि त्या सेमीफायनलनंच घात केला. त्याच दिवशी पोरीची परीक्षा होती अकोल्याला, सरकारी नोकरीची. वर्षभर ती पहाटे उठून अभ्यास करत होती, सासरचं सगळं आवरून. जावई तिला गाडीवर नेणार असं ठरलेलं. पण त्या सकाळी आमच्या गावाची जीप शेगावात त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. जीपमध्ये चक्कीवाला, आणि त्याच्या शेजारी, कोण तर पोरीचा सख्खा बाप. जावई पोरीला म्हणाला, "फर्स्ट हाफ खेळतो अन् येतो." फर्स्ट हाफमध्ये त्यानं दोन गोल मारले. आता दोन गोल मारणाऱ्याला कोणी सोडते का? इकडं गावात गुलाल उधळत होते आणि तिकडं पोरगी दारात हॉल तिकीट घेऊन उभी. एकटीनं स्टेशन गाठलं तोवर रेल्वे गेली होती. पेपर बुडाला.

दुसऱ्या दिवशी ती वरवट बकालपर्यंत जीपनं आणि पुढं पायी, बॅग घेऊन माहेरी आली. बापाशी बोलली नाही. मला म्हणाली, "आई, मी आता इथंच राहीन. पुढची परीक्षा इथूनच देईन. त्यांना टीम आहे, त्यांनी टीमबरोबर संसार करावा."

तिचं बोलणं थंड होतं. रडली असती तर मला धीर आला असता.

पण नियमात तर तो जावईच होता ना! म्हणून दर रविवारी प्रॅक्टिसला यायचा. आणि आला की जेवायला आमच्याकडंच, गावच्या जावयाला काय हॉटेलात पाठवायचं? तो ओट्यावर पाटावर बसायचा, पोरगी आत चुलीपाशी, आणि मी मधल्या दारात, पोस्टासारखी.

"आई, त्यांना विचार, भाजी वाढू का?"

"सासूबाई, तिले म्हना, वाढ."

तीन हातांवर बसलेली माणसं! आणि कुंपणापलीकडून फॅन लोक माना उंच करून पाहायचे. जेवण आटोपलं की चक्कीवाला मला बाजूला घ्यायचा.

"काय काकू, बोलली का?"

"नाही."

"भाजी वाढली?"

"वाढली. पण माझ्या हातून."

तो लगेच फौजीकडं जाऊन सांगायचा, "अजून फिट नाई." फौजी मान हलवायचे, जसं काही जावयाचा गुडघाच सुजला होता.

फायनलला आठवडा उरला तेव्हा ओट्यावर मोठी बैठक बसली. प्रश्न असा, की हे लग्न मोडलं तर?

"फारकतीचा कागद होत नाही तोवर तो जावईच," गुरुजी म्हणाले. "माहेरी राहिली म्हणून नातं जात नाही."

"मंग तिले म्हना, कागद सीझननंतर कर," चक्कीवाला म्हणाला.

"अन् गोल मारल्यावर मोडलं तर? गोल धरतीन का परत घेतीन?" फौजींना खरीच चिंता.

"मारला तेव्हा जावई होता का, तेवढंच पाहायचं," गुरुजी. "पण दुसरा सेंटर फॉरवर्ड पाहून ठेवलेला बरा. खामगावकडं एक पोरगा आहे म्हणतात, अजून लग्नाचा."

"त्याले पोरगी द्याची कोनाची?" चक्कीवाला.

आमचे मालक तोंडात सुपारी घोळवत बसलेले. आणि तेवढ्यात पोरगी बाहेर आली. हातात पीठ लागलेलं.

"काका," ती फौजींना म्हणाली, "तुमची फायनल रविवारी आहे ना? माझी परीक्षाही रविवारी आहे. आता यावेळी जीप कधी पाठवता, तेवढं आधी सांगून ठेवा."

आणि आत गेली. ओट्यावर चहा तसाच. आमच्या मालकांनी सुपारी थुंकली. "तो खेळला तर माही पोरगी त्याले सोडते. मंग तो कोनाचा जावई?"

फौजींनी डोकं खाजवलं. सैन्यातला माणूस, त्यांनी हिशेब लावला. खेळवला तर एक फायनल, बसवला तर पुढचे सगळे सीझन. "काढा त्याले टीमीतून," ते म्हणाले. "रविवारी तो पोरीले घेऊन जाईन अकोल्याले. हा कमिटीचा हुकूम हाये." हुकूम सांगायचा मात्र रविवारी सकाळी, नाही तर दुसऱ्या गावाला पत्ता लागेल, असं ठरलं.

मी पोरीला काही बोलले नाही. कमिटीच्या हुकमानं आणून दिलेला नवरा तिला नको होता, हे मला कळत होतं. मी त्या रात्री देवापुढं काय मागावं तेच मला सुचेना.

रविवारी उजाडलं न उजाडलं तोच गाडीचा आवाज आला. जावई. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला. पाठीवर स्टिक नाही. कमिटी अंगणातच ब्रश करत होती म्हणा ना, चौघेही धावले.

"जावईबापू, ऐका," फौजी म्हणाले, "तुमाले टीमीतून काढलं."

पोरगी तयार होऊन दारात आलेली. तिचा चेहरा पडला. "कमिटीनं पाठवलं म्हणून आलात का?"

"कोनती कमिटी?" जावई गोंधळला. "मी तं तुले न्यायले आलो. काकाले सांगाची हिंमत होत नव्हती, म्हनून स्टिक घरीच ठेवली. म्हटलं, स्टिकच नसली तं कोन काय करते."

"म्हनजे तू फायनल सोडली?" फौजी लाल झाले. बापूचा तू झाला. "आमी तुले काढलं अन् तू म्हनतो मी सोडली?"

"मी आधीच सोडली, काका. शेगावातून निघालो तेव्हाच."

"आमी आठ दिवसाआधीच काढला! गुरुजीले विचार!"

"बैठकीत ठरलं, पण कळवलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "नियमानं पाहिलं तर—"

"फायनल कोनी सोडत नसते बे!" चक्कीवाला.

"मी सोडली न!"

आणि जुंपली की हो! कोणी कोणाला आधी टाकलं यावर. जावई, जो कधी वर मान करून बोलला नाही, तो फौजींच्या नाकासमोर बोट नाचवत होता, की नाही, मला काढलेलं नाही, मीच आलो नाही. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडं पाहत होते. ती ऐकता ऐकता पायरी उतरली, अंगणातून चालत गेली, आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसली.

"भांडण पेपर झाल्यावर करा," ती नवऱ्याला म्हणाली. सरळ त्याला. मधे मी नव्हते. "गेट नऊला बंद होते."

तो तसाच, वाक्य अर्धं टाकून, गाडीवर बसला. गेले. फौजी बोट वर धरून उभेच.

मग फौजी मालकांकडं वळले. "चला, सेंटरले कोनाले उभं कराचं ते पाहू."

"तुमी व्हा पुढं," मालक म्हणाले. "मी पेपर सुटेपर्यंत इथंच बसतो."

आणि बसले. दुपारी मैदानावरून मोठा ओरडा आला. आपला की त्यांचा, काही कळेना. यांनी विचारलं नाही. तोंड रस्त्याकडं करून बसले होते.