चिखलात चेन पडू नये म्हणून

मला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि आमच्या ह्यांनी गिअरच्या दोन सायकली आणून दारात उभ्या केल्या. पन्नाशीच्या बाईनं जाड टायरची सायकल चालवायची म्हणजे देवळाली प्रवरात आयतंच हसं. पण रविवारी चर्चमधून आलो की आम्ही निघायचो, उसामधून जाणाऱ्या कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यानं, मोठ्या बाभळीपर्यंत.

उन्हाळ्यात मजा यायची. पावसाळ्यात मात्र ती काळी माती चेनमध्ये, दात्यांमध्ये जाऊन बसायची आणि चाक उसळलं की चेन खाली. माझीच पडायची, ह्यांची कधी नाही. मी जागेवर थांबून ओरडायचे, "अहो, पडली!" पुढे गेलेले हे वळून माघारी यायचे. "पडली का राणीसायब?" म्हणत बाटलीतल्या पाण्यानं चिखल धुवायचे, बोटं काळी करून चेन चढवायचे. मी बाजूला उभी राहून शेंगदाणे खायचे. चेन कशी चढवतात हे शिकावंसं मला कधी वाटलं नाही. नवरा कशाला केला मग?

मग त्यांच्याच पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवून घरी पाठवलं.

त्या पावसाळ्यात एकदा हे ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "तुझी सायकल उलटी कर. पाना घे."

"तुमीच करा की. हात चालत्यात ना तुमचे?"

"चालत्यात. पन आज तू करायचं."

हे सांगत गेले, मी करत गेले. पुढची तीन दातेरी चक्रं काढायची आणि एकच बसवायचं, उंच दात्यांचं, चेन धरून ठेवणारं. ते त्यांनी आधीच मागवून ठेवलं होतं. मग चेनच्या जास्तीच्या कड्या काढायच्या. "सैल ऱ्हायली की उड्या मारती," हे म्हणाले. "आन् गिअर चिखलाच्या आधी बदलायचा, चिखलात न्हाई. पाय तर थांबवायचाच न्हाई. तू घाबरून पाय थांबवती, मंग पुन्ना झटका देती. तवा चेन पडती."

"पण कशाला हे सगळं?" मी पाना फरशीवर आपटला. "तुमी हाय ना माघारी यायला!"

हे कॅनॉलच्या बाजूला बघत राहिले. मग म्हणाले, "पाना उचल. अजून एक स्क्रू ऱ्हायलाय."

मी उचलला. मी काय शिकतेय ते मला चांगलं कळत होतं, आणि तेच मला शिकायचं नव्हतं. डोळे पुसत पुसत तो स्क्रू फिरवला. हात सगळे काळे झाले होते, तोंडही काळं झालं. ते बघून हे हसले, आणि मला त्यांचा इतका राग आला की रात्री मी जेवण वाढताना एक शब्द बोलले नाही.

नाताळ यायच्या आधी हे गेले.

यंदा पाऊस उघडल्यावर एका रविवारी मी सायकल काढली. कॅनॉलवर चिखल तसाच होता. तो दिसताच गिअर हलका केला आणि पाय थांबवले नाहीत. माती टायरला चिकटत होती, सायकल डुलत होती, मी हँडल घट्ट धरून होते. जिथे जिथे माझी चेन पडायची त्या जागा एकेक करून मागे गेल्या. मला कुठेच थांबावं लागलं नाही.

बाभळीपाशी उतरले. चेन चिखलानं माखली होती, पण जागच्या जागी. ह्यांनी सांगितलेलं कधी चुकायचं नाही.

मला रडू आवरेना. पुढे रस्ता वळणापर्यंत रिकामा होता. मी सायकल धरून उभी राहिले आणि त्या वळणाकडे बघून जोरात ओरडले, "अहो, पडली!"