‘मी उठले’ एवढंच लिहिणारी शकूताई

शकूताई गेल्याचं कळलं तेव्हा मी खोटं बोलत होते. भूगावात मी ज्या बालवाडीत शिकवते तिथं नव्या शिक्षिकांचं प्रशिक्षण चालू होतं. विद्यापीठातल्या माझ्या निरीक्षण वहीची झेरॉक्स हातात धरून मी त्यांना सांगत होते की लहान मुलाचं निरीक्षण कसं लिहावं याचा हा नमुना... तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी शकूताईचा मोरपंखी साडीतला फोटो टाकला होता आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. सकाळी अंगणवाडीत पोरांची वजनं घेता घेता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी वाचलं, फोन पालथा घातला आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. रडू नंतर आलं. त्या वाक्याची लाज मात्र अजून गेलेली नाही, आणि आज ती इथं सांगून टाकायची आहे.

आमची ओळख विद्यापीठाच्या बालशिक्षणाच्या पदविकेला झाली. वर्ग शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर. आम्ही बहुतेक जणी खासगी बालवाड्यांतल्या, तिशीच्या आतबाहेरच्या. शकूताई अठ्ठेचाळीस वर्षांची, पौडच्या पुढच्या एका वाडीत बावीस वर्षं अंगणवाडी सेविका असलेली. पहिल्या दिवशी आमच्या बाईंनी प्रत्येकीला विचारलं, इथं का आलात? कुणाला स्वतःची बालवाडी काढायची होती, कुणाला पगारवाढ हवी होती. शकूताई उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “बावीस वर्षं मी पोरं सांभाळतीया. त्ये बरोबर करतीया का चूक, कुणी सांगितलंच न्हाई. तेवढं इचारायला आलीया.” वर्ग हसला. मीही हसले. हसण्यात मी कायम पुढे असते.

पौडहून येणारी तिची बस भूगावात थांबायची तेव्हा शेजारच्या सीटवर तिची पिशवी असायची, आणि तिथं बसू पाहणाऱ्याशी तिचं भांडणही चालू असायचं. मी चढले की ती पिशवी उचलायची आणि त्या माणसाकडे ‘बघ, आली का न्हाई’ अशा नजरेनं बघायची. डब्यात भाकरी आणि सुक्कट. मी नाक मुरडायचे आणि अर्धा डबा फस्त करायचे. वाटेत ती मला धडे वाचायला लावायची, कारण गाडीत वाचलं की तिला मळमळायचं. नवं मूल बालवाडीत रुळत नसेल तर काय करावं, या प्रश्नाला तिनं परीक्षेत लिहिलं की आईची जुनी ओढणी पोराजवळ ठेवावी, तिसऱ्या दिवशी रडं थांबतं. संदर्भ नाही म्हणून मार्क कापले. संदर्भ म्हणजे काय, तिनं मला विचारलं. हे कुणी म्हटलंय ते लिहायचं, मी सांगितलं. “मीच म्हणतीया की,” शकूताई म्हणाली. मला हसू आवरेना. ती मात्र खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या वर्षी निरीक्षण वहीचं प्रात्यक्षिक आलं आणि आमच्या वाटा तिथं फुटल्या. एकच मूल निवडायचं, त्याला वीस वेळा जाऊन बघायचं. कोपऱ्यात बसून दर मिनिटाला जे दिसतं तेवढंच लिहायचं, आपली मतं नकोत. मुलाशी बोलायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, जागेवरून हलायचं नाही. स्वतःच्या बालवाडीतलं मूल चालत नसे. मी पिरंगुटच्या एका अंगणवाडीतली ओवी नावाची मुलगी घेतली. शकूताईनं भूगावात एका बांधकामावरच्या मजुरांच्या पाळणाघरातली मुनिया घेतली. सकाळी स्वतःची अंगणवाडी उरकून ती दुपारी तिकडे जायची.

ओवीला बघायला मी नऊ वेळा गेले. उरलेली अकरा निरीक्षणं मी घरी जेवणाच्या टेबलावर बसून रचली. कारणं शंभर सांगता येतील... नोकरी होती, रजा मिळत नव्हती, सासूबाईंचा गुडघा होता. पण खरं कारण एकच, मला कंटाळा आला होता. ओवी मातीत बसून मातीच खेळायची, त्यात लिहिण्यासारखं काय असतं? टेबलावरची ओवी फार गोड होती. ती ठोकळ्यांचं घर बांधायची, बाहुलीला निजवायची, एकदा तर चांदोबाला डबा न्यायला निघाली होती. तारखा टाकताना मी कॅलेंडर समोर ठेवून रविवार आणि सगळ्या सुट्ट्या वगळल्या. चोरी करण्यात मी हुशार आहे असं तेव्हा वाटलं होतं.

त्याच महिन्यात एका शनिवारी शकूताई बसमध्ये भेटली ती घसा पार बसलेली. मंगळवारी सेविकांचा मोर्चा होता. तालुक्यातल्या सगळ्या जणी अंगणवाड्यांना कुलपं लावून गेल्या होत्या आणि घोषणा देऊन देऊन हिचा आवाज गेला होता. मी तिची चेष्टा केली, पर्समधली खडीसाखर दिली. ती दिवसभर खडीसाखर चघळत बसली आणि बाईंच्या प्रश्नांना मान हलवून उत्तरं देत राहिली.

वह्या द्यायच्या आदल्या रविवारी परतताना तिनं स्वतःची वही मला बघायला दिली. एक पान मला पाठ आहे. ‘३.१० मुनिया दाराकडं बघते. ३.११ दाराकडं बघते. ३.१२ दाराकडं बघते. ३.१३ उठून भिंतीशी गेली. चड्डी ओली झाली. मी उठले.’ त्याखाली पान कोरं होतं. पुढं उलटलं तर दुसरीकडे मुनिया पडली, तिसरीकडे मोठ्या मुलानं तिचा लाडू ओढून घेतला, आणि दर वेळी शेवटी तेच, ‘मी उठले.’ वीसपैकी सात निरीक्षणं अशी मध्येच तुटलेली.

मी कपाळाला हात लावला. अगं बाई, तू उठलीस हे लिहायचं कशाला, आणि उठलीस तर उठलीस, नंतर घरी बसून उरलेली पाच मिनिटं भरून टाकायचीस, कोण बघायला येतंय? ती म्हणाली, “उठल्यावर मी बघतच न्हवते, पोरीला धूत होते. मंग काय लिवू?” मी चिडले. नापास होशील, म्हटलं. आधीच बावीस वर्षं वाट बघितलीस, आता या पाच मिनिटांसाठी सगळं घालवू नकोस. ती वही पिशवीत ठेवत म्हणाली, व्हईल ते व्हईल. तेव्हा मी तिला अडाणी म्हटलं नाही, पण मनात तोच शब्द होता.

झालं तसंच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या वहीवर ‘निरीक्षकाचा हस्तक्षेप, नोंदी अपूर्ण’ असा शेरा मारला आणि प्रात्यक्षिकात ती नापास झाली. माझी वही बाईंनी वर्गासमोर उंच धरली. चांदोबाच्या डब्याचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, इतकं बारीक बघायला शिका. टाळ्या झाल्या. शकूताईनंही वाजवल्या. त्या दिवशी बसमध्ये ती म्हणाली, “इचारायला आले होते, उत्तर मिळालं. चूक करत होते म्हणायचं.” दोन मिनिटांचं काम होतं. अकरा निरीक्षणं खोटी आहेत, शकूताई, चूक तू नाहीस... एवढंच बोलायचं होतं. चांदणी चौक गेला, भूगाव आलं, मी उतरले.

नापास झालेल्यांना पुढच्या वर्षी नवी वही देता येत होती. तिनं माझी वही मागून नेली, बघून शिकते म्हणाली. मला नाही म्हणता आलं नाही. झेरॉक्स माझ्याकडे होतीच. पुढे आम्ही फोनवर बोलायचो. माझी वही परत कधी देतेस, हे मी चुकूनही विचारलं नाही. शेवटची भेट झाली ती पौडच्या बाजारात, जानेवारीत. ती मेथी निवडून घेत होती. निघताना आपणहून म्हणाली, “वही हाय माझ्याकडं. काय बोलायचं असंल तर घरी ये निवांत.” मी म्हटलं, येते की, तुझी परीक्षा झाल्यावर येते. तिनं माझ्या पिशवीत मेथीची जुडी कोंबली आणि पैसे देऊ दिले नाहीत.

पुण्यानुमोदनाला, तिच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, मी गेले नाही, ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता. आणखी दोन आठवड्यांनी गेले. बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी तोच मोरपंखी साडीतला फोटो होता. तिच्या सुनेनं, मनीषानं चहा केला आणि एक कापडी पिशवी माझ्यापुढं ठेवली. आत्या तुमचं नाव लई काढायच्या, म्हणाली. पिशवीत दोन वह्या होत्या. एक माझी, खाकी कव्हर घातलेली. कव्हर तिनंच घातलं असणार. दुसरी तिची नवी, पुन्हा परीक्षेला बसण्यासाठी लिहायला घेतलेली. त्यात बारा निरीक्षणं होती, नवी मुलगी, नवं पाळणाघर, आणि बारांपैकी पाच जागी तेच. मी उठले. मी उठले. माझा नमुना वर्षभर उशाशी असताना बाईनं पुन्हा तेच लिहिलं होतं.

मग मी माझी वही उघडली. चांदोबाच्या डब्याच्या पानावर, तारखेच्या शेजारी, पेन्सिलीनं बारीक अक्षरात एक ओळ होती : ‘या दिवशी मोर्चा. कुलूप होतं.’ तो मंगळवार. तिचा घसा बसला तोच, आणि त्या घशावर मी खडीसाखर दिली होती. पिरंगुटच्या अंगणवाडीलाही त्या दिवशी कुलूपच होतं. बाकीच्या पानांवर काही नव्हतं. बाईंना ती सांगू शकली असती. वर्गात, ग्रुपवर, निदान बसमध्ये मला तरी. पण तिनं कुणालाच सांगितलं नाही. पोरांना चुका दाखवताना ती नेहमी पेन्सिल वापरायची, पेननं पोरं बिचकतात म्हणायची. पेन्सिलीचं खोडता येतं. ‘बोलायचं असंल तर घरी ये’ असं तिनं का म्हटलं होतं ते मला मनीषाच्या घरात चहा गार होत असताना कळलं... आणि मग मला तिथं बसवेना.

तिला काय वाटलं असेल, हे आता कोण सांगणार? माझी लबाडी कळल्यावर तरी ‘चूक करत होते’ हे तिच्या मनातून गेलं होतं का, की तेवढं घेऊनच ती गेली? मला हवं तसं वाटून घेता येईल, पण ते पुन्हा टेबलावर बसून रचल्यासारखं होईल. मला माहीत आहे ते इतकंच : तिचा एक प्रश्न होता, त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते मी दिलं नाही.

बालवाडीतल्या नव्या शिक्षिकांना गेल्या सोमवारी मी खरं सांगितलं. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. झेरॉक्स मी फाडून टाकली, वही मात्र ठेवली आहे. टेबलावर ती उघडली, खोडरबर शेजारीच पडलेला होता. त्याला हात लावला नाही. तिच्या पेन्सिलीच्या ओळीखाली मी पेननं लिहिलं : व्हय शकूताई, कुलूप होतं. मी गेलेच नव्हते.