सुनीताच्या वेबसाइटचे जुने पत्ते

आज रविवार. सकाळी माझ्या बायकोच्या, सुनीताच्या, विणकामाच्या वेबसाइटची आवराआवर केली. ती गेल्याला आता चार महिने होतील. प्रत्येक पानाच्या पत्त्यात नुसते आकडे होते. सेटिंगमध्ये जाऊन नमुन्यांच्या पत्त्यात ‘विणकाम’ आणि नमुन्याचं नाव, तिच्या टिपणांच्या पत्त्यात ‘टिपणं’, असं करून टाकलं. नीटनेटकं वाटलं.

दुपारी मल्हारगंजहून शैलाताईंचा फोन आला. त्या सुनीताकडेच विणायला शिकल्या.

“भाऊजी, नातवाच्या स्वेटरची बाही अर्धी सुईवर आहे आणि ताईंचं पान सापडत नाही म्हणतंय. सगळं डिलीट केलंत की काय?”

सुनीताने विणकामाच्या ग्रुपवर पाठवलेल्या लिंक मी एकेक दाबून पाहिल्या. एकही उघडेना. तिचं लिहिलेलं माझ्याकडे एवढंच आहे.

ऑफिसमधल्या विकासला फोन लावला. त्याने तपासलं आणि हसला. “अरे भिया, पानं जागेवरच आहेत. आपने घर का नंबर बदला, डाकिये को बताया ही नहीं!” मग जुनी लिंक दाबली की आपोआप नवं पान उघडेल, अशी सोय त्याने करून दिली.

पाच वाजता शैलाताईंचा निरोप आला. “उघडलं भाऊजी. खाली ताईंनी लिहिलंय, ‘शैला, गप्पा कमी, टाके मोज.’”

मी ग्रुपवर लिहिलं, “तुमच्याकडे सुनीताची एखादी जुनी लिंक असेल तर उघडून पाहाल का? अडली तर कळवा.”

मी लॅपटॉप बंद केला आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या.